काळ्या अंगाचे गुलाब

माणसाची पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा तो जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. आमच्या आनंदीआत्येच्या बँकेत त्यासाठी नवं यंत्र आलं आणि त्या यंत्रानं आत्येला मृत ठरवलं. जन्मभर भांडी घासून आणि नारळ सोलून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या, यंत्राला ठसाच सापडेना. काउंटरवरचा मुलगा बिचारा म्हणाला, "आजी, सिस्टीम घेत नाही." आत्येनं टेबलावर हात आपटला. "मी तुझ्या समोर उभी आसंय मा? मगे माझ्याकडे बघ! त्या डब्याकडे कित्याक बघतस?"

ही गोष्ट आमच्या घरात कितीतरी वर्षं हसण्यावारी सांगितली गेली. माझा नवरा निरंजन तर आत्येचा आवाज काढून सांगायचा. पुढे त्यानंच फुलपाखरांसाठी तसलं यंत्र बनवलं, आणि तेव्हाही आम्ही दोघं हसलो होतो.

मी हर्षाली गवस. फुलपाखरं ओळखणं हा माझा धंदा. सह्याद्रीत एकमेकांसारखी दिसणारी फुलपाखरं इतकी आहेत की एका पांढऱ्या ठिपक्याच्या जागेवरून अभ्यासकांचं एकमेकांशी बोलणं आयुष्यभरासाठी बंद झालेलं मी पाहिलं आहे. निरंजनच्या 'पंखठसा'नं ही भांडणं मिटवली. जंगलात खांब उभे करायचे, खांबावर कॅमेरे. फुलपाखरू समोरून गेलं की त्याचा पंख टिपायचा. पंख तिरका असो, दुमडलेला असो, यंत्र तो हिशेबानं सपाट करतं, शिरा कुठून कुठे जातात आणि कुठल्या दोन शिरांच्या मधे कुठला ठिपका आहे ते मोजतं, आणि आपल्या बोटाच्या ठशासारखा एक ठसा तयार करतं. त्या ठशावरून जात ठरते. माणसाला दुपार लागते ते काम यंत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं.

मग सरकारनं कायदा केला. दुर्मीळ जात कुठे जिवंत आहे हे आता पंखठसाच ठरवणार. तो देईल तो 'हयातीचा दाखला'. अमक्यानं पाहिलं, तमक्यानं पाहिलं, हा पुरावा बाद. तज्ज्ञ विकत मिळतात असं न्यायालयाच्या ध्यानात आलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

आत्येच्या गावाखाली फणसकोंड नावाची खोल घळ आहे. तिथे घाटगुलाब नावाचं फुलपाखरू राहतं. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढरा पट्टा, कडेला लाल चंद्रकोरी. जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्या कोंडीत पाणवीज प्रकल्पाचं खालचं तळं व्हायचं होतं. दिवसा सूर्याच्या विजेनं पाणी डोंगरावर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. योजना वाईट नव्हती. वीज मलाही लागते. अट एकच होती: घाटगुलाब आणि त्याची अळी जिच्यावर वाढते ती वेल शेजारच्या निगुडमाळावर नेऊन वसवायची, आणि तिथे सलग तीन हंगाम हयातीचा दाखला मिळाला की कोंड बुडवायची.

खांब लावायला निरंजन पहिल्यांदा फणसकोंडीत गेला तेव्हा आत्ये बायकांना घेऊन आडवी आली. ओहोळावर बायका कपडे धुतात, अंघोळी करतात. "जावयबापू, तुमच्या खांबान आमचे फोटो काढूचे नाय. पाखरांचे काय ते काढा." निरंजननं ते मनावर घेतलं. त्यानं कॅमेऱ्याला असं शिकवलं की पंखाची कड सापडली की कडेच्या आतला पंख तेवढा ठेवायचा आणि बाकी सगळं तिथल्या तिथे पुसून टाकायचं. आभाळ, पानं, माणसं, सगळं. पुढे सरकारनं सगळ्याच खांबांना तोच नियम लावला. आत्येनं त्या दिवशी त्याला फणसाच्या घाऱ्या करून घातल्या.

तिसऱ्या हंगामाचे आकडे आले तेव्हा निरंजन लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच आला. निगुडमाळावर घाटगुलाब नुसते जगले नव्हते, माजले होते. दाखल्यावर साक्षी-तज्ज्ञ म्हणून माझी सही लागणार होती. ती नावापुरती असते. निगुडमाळाला कुंपण होतं, आत माणसांना बंदी. सगळं खांबांवर सोपवलेलं. कधी कुणी जाऊन बघत नसे.

"सोमवारी हिरेमठ साहेब येतील. सही करून टाक," निरंजन म्हणाला. हिरेमठ म्हणजे दाखले मंजूर करणारे प्राधिकरणाचे अधिकारी. मी आनंदानं हो म्हटलं आणि पेढे घेऊन आत्येकडे निघाले.

आत्ये नव्या वसाहतीत होती. कोंड बुडाली की गावाची खालची वाडीही जाणार होती, म्हणून निगुडमाळाच्या पायथ्याशी सगळ्यांना घरं बांधून दिली होती. प्रत्येक परसात प्रकल्पाच्या कंपनीनं एक लिंबू आणि एक कढीपत्ता लावून दिला होता. आत्ये कढीपत्त्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघ गो बाये, ह्यां काय तां. एक पान ठेवणत नाय. हिरव्ये हिरव्ये अळये. लिंबाचीय तीच गत. आमटीक फोडणी घालूची कशी?"

मी पान उलटून पाहिलं. जाडगेली हिरवी अळी, डोकं वर करून बसलेली. ती मॉरमॉनची होती, अगदी साधं, घरोघरचं फुलपाखरू. सगळ्या परसांतून मॉरमॉनच्या अळ्या. पेढ्याचा पुडा मी तसाच आत्येच्या हातात दिला आणि कुंपणाची तार उचलून माळावर शिरले.

माळ फुलपाखरांनी भरला होता. काळे पंख, पांढरा पट्टा, लाल चंद्रकोरी. क्षणभर वाटलं, उगीच घाबरले. मग एक मादी घाणेरीच्या फुलावर टेकली. मी गुडघ्यावर बसून तिच्याकडे पाहिलं. तिचं अंग काळं होतं.

दुसरीचंही काळं. तिसरीचंही. दुपार कलेपर्यंत मी तो माळ पायाखाली घातला. लाल अंगाचं एकही फुलपाखरू दिसलं नाही. कोंडीतून आणून लावलेल्या वेली तारेवर वाळून कोळ झाल्या होत्या.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. घाटगुलाबाची अळी एका विषारी वेलीवर वाढते. ते विष ती अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते उरतं. त्याचं लालभडक अंग ही जाहीर ताकीद असते. पक्ष्यानं एकदा चोच मारली की त्याला ओकारी येते, आणि पुन्हा तो तसल्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉरमॉनला विष नाही. पण त्याच्या काही माद्या पिढ्यान्‌पिढ्या गुलाबाची नक्कल करत आल्या आहेत. ज्यांचे पंख गुलाबासारखे त्या वाचल्या, बाकीच्या पक्ष्यांनी खाल्ल्या. ही नक्कल पंखांत उतरली, अंगापर्यंत पोचली नाही. उडत्या पक्ष्याला पंखच आधी दिसतात, तेवढ्यानं भागतं. म्हणून फुलपाखरं बघायला शिकणाऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो: पंख बघून फसू नकोस, अंग बघ.

निगुडमाळावर काय झालं ते आता उघड होतं. आणलेले घाटगुलाब नव्या मातीत टिकले नाहीत. पण मरता मरता त्यांनी तिथल्या पक्ष्यांना धडा शिकवला. त्या धड्याच्या जोरावर मॉरमॉनच्या माद्या निर्धास्त झाल्या. कंपनीनं परसापरसात त्यांच्या अळ्यांना लिंबू-कढीपत्त्याचं ताट वाढून ठेवलं होतंच. त्यांची पैदास वाढली. आणि खांब त्यांना तीन हंगाम घाटगुलाबाचे दाखले देत राहिले, कारण खांबांना पंखाखेरीज काही दिसतच नव्हतं. अंग तर कॅमेऱ्यातच पुसलं जात होतं.

घरी आल्या आल्या मी निरंजनला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता खाली बसला.

"फोटो काढलेस?"

"काढले. हे बघ. काळं अंग."

त्यानं बराच वेळ फोटो पाहिले. मग फोन माझ्याकडे सरकवला. "हा पुरावा चालत नाही. कायद्यानं नाही चालत. तुला माहीत आहे."

"कायदा जाऊ दे. तू सांग, हे काय आहे?"

"मॉरमॉन आहे." तो हळू आवाजात म्हणाला. "पण हर्षा, हे बाहेर आलं तर फक्त निगुडमाळ नाही. देशभर जिथे जिथे पंखठशावर दाखले दिलेत, ते सगळे संशयात येतील. लोक पुन्हा विकत मिळणाऱ्या तज्ज्ञांकडे जातील. तुला तेच हवंय का? आणि दोन जिल्हे रात्री अंधारात आहेत. माझ्या आईचं ऑक्सिजनचं यंत्र गेल्या उन्हाळ्यात दोनदा बंद पडलं, विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग आत्ता सही कर. मी यंत्र दुरुस्त करतो. घाटगुलाब पुन्हा हलवू, दुसऱ्या जागी."

"कोंड बुडाल्यावर हलवणार कुठून? पाण्याखालून?"

तो उठला. मग म्हणाला, "तू नाही केलीस तर दुसरं कुणीतरी सही करेल."

हे वाक्य मला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. "करू दे," मी म्हटलं. "माझ्या नावानं नाही होणार. आणि दुसऱ्या कुणाच्या नावानंही मी होऊ देणार नाही. तू आत्येची नक्कल करून हसवायचास ना? तिला डब्यानं मेलेली ठरवलं म्हणून हसायचो. आता तुझा डबा मेलेल्याला जिवंत ठरवतोय. हस की."

तो त्याच संध्याकाळी सामान घेऊन प्रकल्पाच्या गेस्ट हाऊसवर गेला. मी अडवलं नाही. रडले मात्र, खोटं कशाला बोलू.

सोमवारी मी सही नाकारली. हिरेमठ साहेबांनी शांतपणे कारण विचारलं, मी सांगितलं. "मॅडम, तुम्ही पाहिलंत म्हणता. तुमचे डोळे नोंदवायला आमच्याकडे रकाना नाही," ते म्हणाले. माणूस उद्धट नव्हता, त्याला खरंच रकाना नव्हता. आठवड्याभरात दुसऱ्या तज्ज्ञाची सही झाली आणि फणसकोंडीच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभे राहिले.

मी आत्येच्या ओटीवर बसून कायद्याचं पुस्तक वाचत होते. आत्ये तांदूळ निवडत होती.

"त्या सायबाक कोंडीत घेवन ये मा. दाखव तेका तुझा लाल पाखरू."

"तो येणत नाय आत्ये. तेका येवची गरजच नाय. सगळा खांब सांगता."

"मगे खांबाकच सांगूक लाव तेका बोलवाक," आत्ये म्हणाली आणि खडा वेचून अंगणात फेकला.

तिनं ते वैतागून म्हटलं होतं. पण मी पानं मागे उलटली आणि ते कलम सापडलं. काम चालू असलेल्या जागी संरक्षित जात नोंदली गेली, तर अधिकाऱ्यानं स्वतः हजर राहून पाहणी करेपर्यंत सगळी यंत्रं बंद. स्वतः हजर राहून! आख्ख्या कायद्यात डोळ्यांना एवढीच जागा ठेवली होती, तीही बहुतेक चुकून. पण घाटगुलाब कोंडीच्या तळाशीच राहतात, वर कामाच्या जागेवरच्या खांबांपुढे येत नाहीत.

गावात दाजी मेस्त्री गणपती रंगवतात. गणपतीचे डोळे आखताना त्यांचा श्वासही हलत नाही. मी त्यांना माझ्या संग्रहातलं घाटगुलाबाच्या पंखांचं मोठं चित्र दिलं, शिरांसकट.

"असले पंख होये. हुबेहूब. ह्या दोन शिरांच्या मधी हो ठिपको."

"आणि आंग?" दाजींनी विचारलं.

"आंग नको. नुसते पंख."

दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आंगाशिवाय पाखरू? मगे तां पाखरू कसला?"

"तांच विचारूचा आसा सरकाराक," मी म्हटलं. दाजी खो खो हसले आणि कुंचला उचलला.

पातळ कागद, काळा रंग, पांढरा पट्टा, लाल चंद्रकोरी. प्रत्येक जोडी बायकांनी वेणी गुंफायच्या बारीक तारेवर बसवली, म्हणजे वाऱ्यानं फडफडावी. खांबाला हालचालही लागते. प्रत्येक पंखाच्या मागच्या बाजूला मी शाईनं लिहिलं: 'हा कागद आहे. हर्षाली गवस.' मला कुणाला फसवायचं नव्हतं. ज्यानं उलटून पाहिलं असतं त्याला लगेच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका नेहमीप्रमाणे धुण्याच्या बादल्या घेऊन कोंडीकडे निघाल्या. वाटेत कामाच्या जागेवरून जावं लागतं. प्रत्येकीच्या अंबाड्यात अबोलीच्या जागी कागदी पंख होते. आत्येनं तर दोन जोड्या खोवल्या होत्या. कुणी एक तार जेसीबीच्या आरशाला अडकवली, कुणी मुकादमाच्या छत्रीला. खांबांचे दिवे हिरवे व्हायला लागले. घाटगुलाब, मादी, हयात. घाटगुलाब, मादी, हयात. डिझेलचे आवाज एकेक करून बंद पडले, कारण यंत्रांची चावी त्याच खांबांशी जोडलेली होती. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "आता ह्यां काय नवीन?"

"पाखरां इली रे," आत्ये म्हणाली. "तुमचोच खांब सांगता."

हिरेमठ साहेब दुपारी आले. त्यांच्याबरोबर निरंजनही होता. किती दिवसांनी दिसला, दाढी वाढलेली. हिरेमठांनी आधी जेसीबी पाहिला, मग छत्री, मग आत्येचा अंबाडा. त्यांचा चेहरा तापला.

"मॅडम, हा खोडसाळपणा आहे. खोटी नोंद करणं गुन्हा आहे. मी तक्रार करणार."

"करा. मागे माझं नाव लिहिलंय, शोधायला लागणार नाही," मी म्हटलं. "फक्त तक्रारीत एक लिहा, साहेब. नोंद खोटी आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"कशावरून म्हणजे? दिसतंय ना! कागद आहे हा!"

"डोळ्यांना दिसतंय. डोळ्यांना रकाना नाही असं तुम्हीच म्हणालात. पंखठसा म्हणतो घाटगुलाब आहे, हयात आहे. तो खरा असेल तर हे जेसीबी इथून हलत नाहीत. तो चुकत असेल तर निगुडमाळचा दाखला कागदाइतकाच खरा. तुम्ही ठरवा."

हिरेमठ निरंजनकडे वळले. "तुम्ही सांगा. यंत्र तुमचं आहे. यंत्र चुकतं का?"

निरंजननं आत्येच्या अंबाड्यातून एक जोडी हलकेच काढली. उलटी केली. माझं नाव वाचलं. मला त्याची दहा वर्षं त्याच्या हातात दिसत होती, रात्रंदिवस खपून उभं केलेलं सगळं. तो 'यंत्र चुकत नाही' म्हणाला असता तरी मी समजू शकले असते. माफ केलं नसतं, पण समजू शकले असते.

"यंत्र पंख बरोबर ओळखतं," तो म्हणाला. "पण पंख म्हणजे फुलपाखरू नव्हे. त्याला मी अंग दाखवलंच नाही. निगुडमाळावर घाटगुलाब नाहीत, साहेब. मॉरमॉन आहेत. हे मी लिहून देतो." पंख आत्येला परत देत म्हणाला, "बाकीचेही दाखले तपासावे लागतील. तेही लिहून देतो."

हिरेमठांनी रुमालानं मान पुसली. "मग आता करायचं काय? खांबांना पुन्हा सगळं टिपायला शिकवायचं?"

आत्येनं बादली खाली आपटली. "आमचे फोटो? खबरदार! एक खांब शिल्लक ठेवचंय नाय." निरंजन कितीतरी दिवसांनी हसला.

"फोटो नको," मी म्हटलं. "कायद्यात लिहिलंय, स्वतः हजर राहून पाहणी. तुम्ही हजर आहात. चला पाहणीला."

"आता? खाली?"

"चल रे बाबा," आत्ये म्हणाली. "माका बँकेत उभी करून मेलेली म्हटल्यानी. ह्यां पाखरू तर बँकेतय येवचा नाय. तुकाच जावक होया."

कोंडीची वाट निसरडी आहे. साहेबांचे बूट चिखलात गेले, एकदा निरंजननं त्यांना दंडाला धरून सावरलं. खाली गारवा होता, वेली खडकांवर पसरल्या होत्या. आम्ही ओहोळाकाठी बसलो आणि वाट पाहिली. कंटाळून साहेबांनी फोन काढला, तो आत्येनं हातातून घेऊन बादलीत ठेवला.

मग ते आलं. काळे पंख, पांढरा पट्टा, अगदी त्या कागदांसारखं, त्या मॉरमॉनांसारखं. साहेबांच्या गुडघ्याजवळच्या ओल्या खडकावर टेकलं आणि पंख मिटले.

हिरेमठ वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"लाल आहे," ते म्हणाले. "अंग लाल आहे."

"मगे!" आत्ये म्हणाली. "समोर आसा मा? आता लिही दाखलो."